निवाऱ्याच्या दारात जात उभी राहते तेव्हा

महापूर आला, चक्रीवादळ आले किंवा धरणीकंप झाला म्हणजे माणसे घरदार सोडून एका छपराखाली गोळा होतात. शाळा, मंगल कार्यालय, गोदाम, जे उभे असेल ते त्यांचे घर होते. अशा वेळी आपण सहज बोलून जातो की, 'संकटाला जात नसते.' पाण्याला जात नसते, वाऱ्याला नसते, हे खरे आहे. परंतु निवाऱ्याच्या दाराला जात असते काय? या प्रश्नाचा विचार प्रत्येक बौद्ध कुटुंबाने शांतपणे केला पाहिजे.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. नागपट्टणम् जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मेली. त्यानंतरच्या मदतकार्याची ज्यांनी पाहणी केली, त्यांनी नोंदवून ठेवले आहे की, काही छावण्यांत दलित कुटुंबांना इतरांबरोबर राहू दिले नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ येऊ दिले नाही. मदतीच्या याद्या बऱ्याच ठिकाणी जातपंचायतींच्या हातून झाल्या. ज्याची होडी गेली तो आपद्‌ग्रस्त ठरला; जो दुसऱ्याच्या होडीवरची मासळी वाहून किंवा दुसऱ्याच्या शेतात राबून पोट भरत होता, त्याचे नाव यादीत यायला वेळ लागला. आणि प्रेते उचलण्याचे काम? त्यासाठी दूरच्या शहरांतून सफाई कामगार आणण्यात आले. ते बहुतेक दलितच होते. म्हणजे ज्यांना टाकीवर मज्जाव, त्यांच्याच हातांवर प्रेतांचा भार!

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न बाबासाहेबांनी उभा केला, तोच हा प्रश्न आहे. फरक इतकाच की, येथे तळ्याच्या जागी टाकी आहे.

आता दुसरी बाजूही ऐकून घेऊ. निवाऱ्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असा एखादा प्रामाणिक अधिकारी म्हणेल, "आज रात्री माझे काम जीव वाचविण्याचे आहे, समाज सुधारण्याचे नव्हे. हे लोक एकत्र बसणार नाहीत. मी सक्ती केली तर काही जण आत येणारच नाहीत आणि मरतील. त्यापेक्षा दोघांची वेगवेगळी सोय केली तर सगळेच वाचतील." हा युक्तिवाद दुष्टपणाचा नाही, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, वेगळी सोय कधीच सारखी नसते. पक्की इमारत एकाला मिळते आणि गळकी पडवी दुसऱ्याला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जो म्हणतो, 'ते आत आले तर मी येणार नाही,' त्याच्यासाठी दार उघडेच असते. आत येणे त्याच्या हातात आहे. ज्याला दारात अडविले, त्याच्या हातात काहीच नाही. एकाला फक्त अहंकार सोडायचा आहे, दुसऱ्याला जीव सोडावा लागतो. या दोन गोष्टी एकाच तराजूत कशा घालता येतील?

तरीही एक अवघड गोष्ट उरते. कधी कधी आपलेच लोक म्हणतात, "आम्हाला निराळे बसू द्या; रात्री मारहाण झाली तर कोण येणार?" मुलाबाळांच्या जिवासाठी जे कुटुंब बाजूला होते, त्याला दोष देता येत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिने त्याला आत निर्भय ठेवले नाही. बाळंतिणीला, आजाऱ्याला, एकट्या स्त्रीला स्वतंत्र जागा देणे म्हणजे भेदभाव नव्हे. ती गरज पाहून केलेली सोय आहे. गरज पाहून केलेला वेगळेपणा माणसाला जपतो, जात पाहून केलेला वेगळेपणा त्याला कमी लेखतो.

परंतु खरा मुद्दा याच्याही मागे आहे. वादळ दारात असताना हा वाद मिटत नाही. तो आधीच मिटवावा लागतो. निवारा कोठे बांधला, किल्ली कोणाकडे, यादी कोणी केली, स्वयंसेवक कोण, स्वयंपाकाला कोण, हे ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी आत कोण आणि बाहेर कोण हेही ठरून जाते.

ओडिशाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. पक्के निवारे तेव्हा अगदी थोडे होते. पुढे सरकारने किनाऱ्यावर खांबांवर उभारलेले निवारे बांधले. एरवी त्यांत शाळा भरते. गावाची समिती त्यांची देखभाल करते, तरुणांना सुटकेचे व प्रथमोपचाराचे शिक्षण मिळते, कवायती होतात. २०१३ च्या फायलिन वादळात सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली गेली आणि मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. २०१९ च्या फनी वादळापर्यंत निवाऱ्यांची संख्या आठशेच्या वर गेली होती; सुमारे बारा लाख माणसे हलविली गेली. ही थोर कामगिरी आहे आणि तिचे मोकळेपणाने कौतुक केले पाहिजे. परंतु त्याच फनी वादळात पुरी जिल्ह्यातील काही दलित कुटुंबांना निवाऱ्यात जागा नाकारल्याच्या बातम्याही छापून आल्या. सिमेंटची भिंत वारा अडविते. माणसाच्या मनातील भिंत ती पाडीत नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कतरिना वादळ आले. शहर सोडा, असा हुकूम निघाला. पण ज्यांच्याकडे मोटार नव्हती त्यांनी जायचे कसे? वीस हजारांहून अधिक माणसे सुपरडोम नावाच्या क्रीडागृहात कोंडली गेली. छपराचे भाग उडाले, वीज गेली, शौचालये तुंबली. त्यांतील बहुतेक लोक गरीब आणि कृष्णवर्णीय होते. त्यांना कोणी दारात अडविले नव्हते. त्यांचा विचार मात्र आधी कोणी पुरता केला नव्हता. विसरणे हाही बहिष्काराचाच एक प्रकार आहे.

म्हणून करुणा ही नुसती भावना राहून चालत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. भिक्खूंना एकत्र बोलावून आजाऱ्याची सेवा कोणी करावी याचा नियमच घालून दिला: उपाध्यायाने, शिष्याने, कोणी नसेल तर संघाने. करुणेचे कर्तव्य झाले आणि कर्तव्याची वाटणी झाली. घाण धुण्याचे काम अमुक एका जन्माच्या माणसाचे, असे तेथे नव्हते. ज्या छावणीत झाडू एकाच जातीच्या हातात असतो, तेथे सगळे एका छपराखाली झोपले तरी समता आली असे म्हणता येणार नाही.

आपत्तीतील निवाऱ्यासाठी जगभर मानली जाणारी मापे आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, रोज पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, पुरुषांच्या तिप्पट स्त्रियांची शौचालये. ही मापे माणूस मोजतात, जात मोजीत नाहीत. आपल्या कायद्यातही हे आहे. संविधानाचे १५ वे कलम सार्वजनिक पाणवठे व जागा सर्वांना खुल्या करते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ६१ वे कलम मदत देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई करते. निवारा ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. पण कायदा स्वतःहून दारात उभा राहत नाही. तेथे माणूस उभा राहावा लागतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पावसाळ्यापूर्वीच गावात चौकशी करा. आपल्या वस्तीसाठी निवारा कोणता? समितीत आपल्या वस्तीतील कोणी आहे काय? आपल्या तरुण मुलामुलींची नावे स्वयंसेवकांत घाला. यादी वाचून दाखविण्याचा आग्रह धरा. सफाई आणि स्वयंपाकाच्या पाळ्या सर्वांत वाटून लावायला सांगा. याला भगवंतांच्या शब्दात अप्रमाद म्हणतात.

आणि शेवटी स्वतःकडेही पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला लाखो माणसे घराबाहेर काढावी लागली. उद्या आपल्या गावात तशी वेळ आली आणि आपले विहार उंचावर असले, तर त्याचे दार कोणासाठी उघडेल? आपल्याआधीच्या पोटजातीसाठी? मांगासाठी, मराठ्यासाठी, मुसलमानासाठी? काल ज्याने आपल्याला पाणी नाकारले त्याच्यासाठी? दार ठोठावणाऱ्याला 'तू कोण?' असे न विचारता 'किती जण आहात?' एवढेच विचारता आले, तर धम्म आपल्या घरात आला असे समजावे.