आरसा गेल्यावर

आरशाच्या कॅमेऱ्याची एक अट होती. बटण दाबलं की आरसा वर उचलला जाई आणि डोळ्यापुढे क्षणभर अंधार होई. ज्या क्षणाचा फोटो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याने पाहिलेला नसे.

आता आरसा गेला. २०२१च्या निकॉन झेड९मधून तर यांत्रिक शटरही गेलं. तो हरवलेला क्षण आता दिसतो. पण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो तो प्रकाश नव्हे, प्रकाशाचं चित्र. म्हणून दुकानात कॅमेऱ्याची बॉडी हाती आली की आधी तिच्यातून दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहावं, मग कोपऱ्यातल्या अंधाराकडे. ज्या खिडकीतून वर्षानुवर्षं रान पाहायचं, ती खिडकी पहिल्यांदा तपासावी.

*

जंगलात फोटो काढताना वाघ विचारतो, किती लवकर? डोंगरात कडा विचारतो, किती वेळ?

पहाट दोघांचीही तीच. चालत्या वाघासाठी त्या उजेडात सेकंदाचा पाचशेवा भाग हवा, म्हणून आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो. कड्यासाठी ट्रायपॉड असतो, सवड असते; तिथे ६४ पुरतो. प्रकाश एकच, मागणी शंभरपट वेगळी. बॉडी निवडणं म्हणजे या दोन टोकांमध्ये आपण कुठे उभे राहतो, ते स्वतःशी कबूल करणं.

*

४५ मेगापिक्सेल हा दोघांमधला तह आहे. त्यातून २७ इंच रुंदीचा छाप तपशील न विरता निघतो. दूरचा पक्षी हवा म्हणून फुल-फ्रेम चौकट दीडपट आवळली, तरी २० मेगापिक्सेल उरतात. २४ची बॉडी तशीच आवळली तर हाती जेमतेम १० येतात.

लहान सेन्सरवर ४००ची लेन्स ६००सारखी दिसते. ही जवळीक नव्हे, चौकटीची काटछाट आहे. पण गड चढताना खांद्यावरचं ओझं कमी होतं, आणि दम न लागलेला हात कमी थरथरतो. तोही फायदा मोजावा.

*

आजचे कॅमेरे गवतातून पक्ष्याचा डोळा शोधून काढतात. डोळा कॅमेऱ्याने शोधावा. पक्षी मात्र आपणच शोधायचा असतो.

काही बॉडी बटण पुरतं दाबण्याआधीच्या अर्ध्या-एक सेकंदाच्या फ्रेमही जपून ठेवतात. हुकलेलं मागे जाऊन मिळवता येतं. तरीही सूर मारण्याआधी खंड्या मान वर-खाली करतो, हे ज्याने अनेकदा पाहिलंय, त्याचंच बोट वेळेवर बटणावर असतं. यंत्राने अर्धा सेकंद दिला; त्याआधीचा तासभर आपल्यालाच द्यावा लागतो.

*

आवाज न करणारं शटर ही एकच सोय अशी, जी आपल्यापेक्षा प्राण्याच्या जास्त कामाची. पाणवठ्यावरच्या चितळाने खटक्यासरशी पाणी सोडून मान वर केली, तर तो फोटो त्याच्या तहानेच्या मोलाने मिळाला. आपलं येणं रानाला कळू नये, यासाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

पण शांततेलाही किंमत असते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर बहुधा ओळीओळीने वाचला जातो. वाचन सावकाश असेल, तर शेवटची ओळ येईपर्यंत पंख पुढे गेलेला असतो आणि फोटोत वाकडा उमटतो. स्टॅक्ड सेन्सर हे वाचन झपाट्याने उरकतात. त्यांच्या बॉडी महाग असण्याचं हे एक कारण. कडा मात्र जागचा हलत नाही. जो डोंगरातच रमतो, त्याने पंखांच्या वेगाचे पैसे मोजू नयेत.

*

ताडोब्याच्या जंगलाचा गाभा पावसाळ्यात मिटतो. सह्याद्री तेव्हाच उघडतो. मे महिन्यात पुढच्या जिप्सीने उडवलेली धूळ, सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलांवरून येणारा आडवा पाऊस. दोन्ही छंद एकाच बॉडीवर सांभाळायचे, तर तिला वर्षभर या दोघांशी झुंजायचं आहे.

आरसा नाही, म्हणून लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. सांध्यांना रबरी सील आहेत का, कॅमेरा बंद केल्यावर सेन्सरपुढे पडदा ओढला जातो का, हे विचारावं. धुळीत लेन्स बदलू नये, हे विचारावंही लागू नये.

आणि डोळे मिटून बॉडी हातात धरावी. पहाटेच्या अंधारात वानर खाकरलं, की बोटांना बटणं आपोआप सापडली पाहिजेत. हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते हातालाच विचारावं लागतं.

*

बॉडी लवकर जुनी होते, लेन्स सावकाश. पाहणं जुनं होत नाही, मुरतं.

म्हणून आधी एक हिशेब मांडावा. गेल्या वर्षी आपण जंगलात किती दिवस होतो आणि डोंगरावर किती? आपल्याला कोण व्हावंसं वाटतं, याचं उत्तर नको. पाय कुठे जातात, याचं हवं. मनातल्या वाघासाठी घेतलेली बॉडी कपाटात राहते. पायाखालच्या वाटेसाठी घेतलेली झिजते. झिजलेली बॉडी हीच बरोबर निवडलेली बॉडी.

*

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कधी कधी इंद्रवज्र दिसतं. सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं, धुक्यावर रंगांचं कडं आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याचीच सावली. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा फोटोग्राफी अजून जगापुढे आलीही नव्हती. तो तिथे होता, एवढंच पुरलं.

इंद्रवज्राला तीन गोष्टी लागतात: ऊन, धुकं आणि तिथे हजर असलेला माणूस. पहिल्या दोन कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. बॉडी घेताना तिसरीपुरते पैसे राखून ठेवावेत.