संगणकाचा नाझरा

मकतबात मूल आधी नाझरा शिकते. अक्षरे ओळखते, उच्चार नीट करते. अर्थ कळत नाही. त्या वाचनाला सवाब आहे, याबद्दल वाद नाही. पण मायना विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवणारा उस्ताद आपल्याला खटकतोच. संगणकाच्या बाबतीत हा फरक आपण विसरलो आहोत काय?

१९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा रचली. संगणक ही शास्त्रज्ञांची मिरासदारी राहू नये, साहित्य किंवा इतिहास शिकणाऱ्यालाही त्याला हुकूम देता यावा, ही त्यामागची धारणा. १९८०च्या दशकात बीबीसी मायक्रो, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम हे घरगुती संगणक आले. चालू करताच बेसिक समोर हजर. वेगळे काही विकत घ्यायचे नाही, कुणाची परवानगी नको. पहिल्या ओळीत प्रिंट लिहून आपले नाव टंकायचे, दुसऱ्या ओळीत परत पहिलीकडे जा म्हणायचे. पडदा नावांनी भरून जाई. यंत्र आपल्या शब्दावर चालते, हे दहा वर्षांच्या पोराला त्या क्षणी उमगे. १९८४ मध्ये भारत सरकारच्या क्लास योजनेतून बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या काही शाळांतही आले होते.

मग हे दार हळूहळू मिटले. १९९१च्या एमएस-डॉस ५ बरोबर क्यूबेसिक मिळे. विंडोज ९५च्या काळात ती सीडीच्या एका कप्प्यात गेली, पुढे तिथेही उरली नाही. तयार प्रोग्राम मुबलक झाले, टिचकी मारून काम भागू लागले. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने तर १९७५ मध्येच बेसिकवर कडक टीका केली होती, की तिने विचाराला वाईट वळण लागते. असेलही. पण अक्षर बिघडेल म्हणून पाटीच काढून घ्यावी काय?

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो मुलामुलींना संगणकापाशी बसवले. आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलीही त्यात होत्या, ही लहान गोष्ट नाही. तरी ते शिक्षण मुख्यतः वापराचे, म्हणजे नाझराच. (अल्गोरिदम हा शब्द अल्-ख्वारिज्मींच्या नावावरून आला, हे आपण सभांतून छाती फुगवून सांगतो. मुलांना एखादा लिहायला मात्र देत नाही.)

कुणी म्हणेल, मोटार चालवणाऱ्याला इंजिन कशाला कळायला हवे? ही तुलना मला पटत नाही. मोटार माझ्याविषयी निवाडा करत नाही. आज कर्जाचा किंवा नोकरीचा अर्ज चाळण्यात, कोणती बातमी डोळ्यांपुढे यावी हे ठरवण्यात प्रोग्रामचा हात असतो. ज्याने आयुष्यात चार ओळीही लिहिल्या नाहीत, त्याला ‘कम्प्युटरने नाकारले’ हे वाक्य तकदीरसारखे वाटते. तो मान खाली घालून परततो. ज्याने लिहिल्या, त्याला ठाऊक असते, की ती अट कुणा माणसाने घातली किंवा यंत्राला शिकवली. आणि माणसाला जाब विचारता येतो.

स्क्रॅच २००७ मध्ये आली, पायथॉन फुकट मिळते. दारे आहेत, पण ती शोधायला, दार असते हे आधी माहीत असावे लागते. आपल्या बहुतेक घरांत संगणक म्हणजे मोबाइल. तो हाती घेतला, की मुलासमोर आधी व्हिडिओ येतात. हुकूम लिहायची रिकामी ओळ कुठेच दिसत नाही.