दिवा कोणी लावावा?

भारताच्या राज्यघटनेस जोडलेल्या सातव्या अनुसूचीत केंद्र सरकारच्या अखत्यारीतील विषयांची जी सूची आहे, तिच्यातील सव्विसावी नोंद दीपगृहांची आहे. दीपगृहे, दीपनौका, दिशादर्शक दिवे आणि जहाजे व विमाने यांच्या सुरक्षिततेसाठी करावयाची इतर तरतूद, या विषयांवर कायदे करण्याचा अधिकार त्या नोंदीने संसदेस दिला आहे. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार, चलन अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीस हा समुद्रकाठचा दिवा बसलेला पाहून प्रथम कौतुक वाटते आणि लागलीच एक शंकाही मनात येते. आमचा बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगरांवर आणि गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला. येथील पुष्कळ माणसांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मग त्यांच्या मताने निवडल्या जाणाऱ्या सरकारने दूर कोठे खडकावर दिवा का लावावा? आणि लावावयाचाच तर तो लावण्याचा अधिकार सरकारने आपल्याच हाती का ठेवावा?

या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून सापडते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दीपगृहाचे उदाहरण घेतले आहे. समुद्रावरून जाणारे जहाज दिव्याचा उपयोग करून घेते आणि पुढे निघून जाते. त्याला अडवून पैसे मागणे शक्य नाही. सबब केवळ स्वतःच्या लाभासाठी कोणीही दीपगृह बांधणार नाही. ते सरकारनेच बांधले पाहिजे. हा युक्तिवाद पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांस शिकविण्यात आला. पुढे १९७४ साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडचा इतिहास उकरून काढला आणि असे दाखविले की, त्या देशात कित्येक दीपगृहे खासगी गृहस्थांनी बांधली होती व जहाजे बंदरास लागली म्हणजे तेथे त्यांचा कर वसूल होत असे. अर्थात त्या गृहस्थांस कर घेण्याची सनद राजाकडूनच मिळालेली असे, ही गोष्ट कोसच्या टीकाकारांनी बरोबर पुढे आणली. तात्पर्य, पैसे वसूल होत नाहीत म्हणून सरकार हवे, हे कारण आपण समजतो तितके पक्के नाही.

आपल्या देशातील व्यवहारही हेच सांगतो. १९२७ साली हिंदुस्थानात दीपगृहांचा कायदा झाला. त्या कायद्यान्वये बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दीपकर घेतला जाई आणि तो कस्टमचे अधिकारी वसूल करीत. लहान गलबतांस त्यातून सूट होती. २०२१ साली त्या कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा केला. परंतु जहाजांनीच दिव्याचा खर्च सोसावा हे मूळ तत्त्व त्यातही राहिले. विमानांची गोष्ट तशीच. रात्री आमच्या डोक्यावरून जे विमान लुकलुकत जाते, त्याच्या मालकाकडून मार्गदर्शनाच्या सोयींबद्दल विमानतळ प्राधिकरण शुल्क घेते. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या खिशास या दिव्याची झळ फारशी लागत नाही. तेव्हा पैशाचा प्रश्न बाजूस ठेवून अधिकाराच्या प्रश्नाकडेच वळले पाहिजे.

त्यासाठी मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या समोर समुद्रात असलेल्या खांदेरी बेटाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे तटबंदीचे काम चालविले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्यास निकराने विरोध केला. कारण ते बेट ज्याच्या हाती, त्याची नजर मुंबईच्या दारावर. पुढे आंगऱ्यांच्या काळात या किनाऱ्यावर दस्तकाचा अंमल होता. दस्तक घेऊन जाणाऱ्या गलबतास अभय, न घेणाऱ्यास धाक. पोर्तुगीजांनी हीच रीत त्यापूर्वी चालविली होती. त्याच खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभे राहिले आणि आज ते कान्होजी आंगरे यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच खडकावर समुद्रसत्तेची दोन रूपे अशी पाहावयास मिळतात. दोन्ही रूपांत जहाजाने पैसे द्यावयाचे असतात. तथापि तोफेचा धाक जो मानील त्याच्यापुरताच आणि जेथवर गोळा पोहोचेल तेथवरच असतो. दिव्याची सत्ता याहून निराळी आहे. तो कोणास अडवीत नाही, आज्ञा करीत नाही; तरीही काळोख्या रात्री अनुभवी तांडेल त्याच्या सांगण्यावरून आपले सुकाणू वळवितो. अशी सत्ता कोठून येते?

ती विश्वासातून येते, आणि हा विश्वास विशेष प्रकारचा आहे. मित्राचा सल्ला आपण पारखून घेऊ शकतो. समुद्रावरील माणसास दिव्याची परीक्षा करण्याची सवड नसते. परीक्षा करावयास गेला तर खडकावर आदळेल. म्हणून प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाची लय ठरवून दिलेली असते. किती सेकंदांनी, किती वेळा लखलखावयाचे हे नकाशांतून व दीपसूचीतून अगोदर जाहीर केलेले असते. कुलाब्याच्या दक्षिणेस खडकावर १८७५ साली उभारलेले प्राँग्जचे दीपगृह आणि खांदेरीचे दीपगृह यांत नावाड्याची गफलत होऊ नये, याची काळजी अशा रीतीने घ्यावी लागते. आता प्रत्येक धनिकाने, प्रत्येक बंदराने, प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीप्रमाणे दिवे लावले तर काय होईल? दिवे वाढतील आणि वाट हरवेल. प्रकाशाची एक भाषा असावी आणि ती भाषा बोलणारा एकच जबाबदार मुखत्यार असावा, ही गरज वस्तुस्थितीतूनच निर्माण होते. सरकारच्या अधिकाराचा खरा पाया माझ्या मते येथे आहे.

दंडविधानानेही हेच ओळखले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत नावाड्यास फसविण्याच्या हेतूने खोटा दिवा, खूण अथवा बोया दाखविणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली होती, आणि त्या संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही हा गुन्हा कायम आहे. केवळ एक दिवा लावल्याबद्दल सात वर्षे! परंतु विचार केला म्हणजे ही शिक्षा यथायोग्य वाटते. चोर द्रव्य हरण करतो. खोटा दिवा लावणारा माणसाच्या विश्वासाचेच हत्यार करून त्याच्यावर उगारतो.

परंतु येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. खोटा दिवा लावणे हा गुन्हा, हे मान्य. मग खरा दिवा हयगयीने विझू देणे याला काय म्हणावे? अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष न्यायालयापुढे आला. १९५१ साली मेक्सिकोच्या आखातातील एका बेटावर तेथील तटरक्षक दलाचा दिवा बंद पडला होता. त्याच वेळी तिकडून जाणाऱ्या एका नौकेमागील मालाची बार्ज जमिनीवर चढली आणि तिच्यात भरलेले फॉस्फेटचे खत समुद्राच्या पाण्याने बिघडले. मालाच्या नुकसानीबद्दल सरकारवर फिर्याद झाली. दीपगृह चालविणे हे सार्वभौम सत्तेचे काम आहे, खासगी माणसे ते करीत नाहीत, तेव्हा आमच्यावर दायित्व नाही, असा सरकारचा बचाव होता. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, दिवा लावलाच पाहिजे असे सरकारवर बंधन नव्हते. परंतु एकदा तो लावून लोकांस त्याच्यावर विसंबावयास लावल्यावर, तो नीट जळतो की नाही हे पाहणे, आणि विझला तर तसे कळविणे, हे सरकारचे कर्तव्य झाले. पाच न्यायाधीश एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस, इतक्या निसटत्या बहुमताने हा निर्णय झाला, यावरून प्रश्न किती कठीण होता हे दिसून येते.

यावर कोणी असे म्हणेल की, मग शहाण्या सरकारने दिवाच लावू नये. न लावणाऱ्यास दोष नाही आणि लावणाऱ्याच्या मानेस मात्र जोखड! आक्षेप वरवर बिनतोड वाटला तरी त्यात एक गोष्ट विसरली जाते. दिवा नव्हता तेव्हा कोकणचा खारवी अगदीच निराधार नव्हता. तारे, वारा, पाण्याचा रंग, किनाऱ्यावरील डोंगराचा आकार यांवरून तो आपली वाट काढीत असे, आणि शंका आली तर पहाटेपर्यंत बाहेरच थांबत असे. दिवा आला आणि ही विद्या मागे पडू लागली. म्हणजे सरकारने जे दिले त्याच्या मोबदल्यात लोकांनी आपली जुनी सावधगिरी सोडून दिली. असे असता दिवा विझू दिला तर नावाडी पूर्वीच्या स्थितीत परत जात नाही. पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत जातो. ज्याने दुसऱ्याची काठी आपल्या शब्दावर टाकावयास लावली, त्याला पुढे हात काढून घेता येत नाही. आणि मुळीच दिवा न लावणारे सरकार निर्दोष ठरते असेही नाही. खडक ठाऊक असून जे मौन धरते, त्याचा हिशेब न्यायालयात झाला नाही तरी नीतीच्या दरबारात होतोच.

हा विचार आज आणखी निकडीचा झाला आहे. कारण दिवा आता खडकावरून आकाशात गेला आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर अमेरिकेने आपल्या उपग्रहांची मार्गदर्शक यंत्रणा जगातील नागरी वाहतुकीस खुली करण्याचे जाहीर केले. हे औदार्य खरेच. पण मे २००० पर्यंत नागरी उपयोगाचा संकेत लष्करी कारणास्तव जाणूनबुजून अंधुक ठेवण्यात येत होता. हा दिवा खोटा नव्हता आणि विझलेलाही नव्हता. मालकाच्या इच्छेने मंद केलेला होता. १९४४ च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्राने आपल्या प्रदेशात विमानांसाठी मार्गदर्शनाच्या सोयी शक्य तितक्या पुरवाव्यात आणि त्या वापरू देताना आपपरभाव करू नये, असे ठरले आहे. तो करार राष्ट्राच्या प्रदेशापुरता होता. सबंध पृथ्वीवर उजेड पाडणारा दिवा एका राष्ट्राच्या हाती असावा, अशी कल्पना त्या वेळी कोणास असणार? भारताने २०१३ पासून स्वतःचे मार्गदर्शक उपग्रह आकाशात पाठविले आणि विमानांसाठी गगन नावाची यंत्रणा उभारली, ती याच जाणिवेतून. येथे अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अभिमानाबरोबर बंधनही आले, हे ध्यानी ठेवले पाहिजे. दुसऱ्याचा दिवा मंद होता म्हणून आपण तक्रार करीत होतो. आता आपल्या दिव्याकडे पाहून इतर चालू लागले, तर त्याच मापाने आपणही मोजले जाऊ.

आता पुन्हा बीडच्या शेतकऱ्याकडे येऊ. त्याचा या दिव्याशी संबंध नाही असे म्हणणे प्रथम व्यवहाराच्या दृष्टीनेच चुकीचे आहे. त्याच्या उसास जे पोटॅश लागते ते जवळजवळ सर्व परदेशांतून जहाजाने येते. पण याहून मोठा संबंध नीतीचा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यास समुद्रकिनाराच नव्हता. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा बीडचा माणूस इतर सर्वांबरोबर खांदेरीच्या व प्राँग्जच्या दिव्यांचाही धनी झाला. धनी म्हणजे लाभाचा वाटेकरी एवढाच अर्थ येथे नाही. परक्या नावाड्यास दिलेला शब्द त्याच्याही नावाने दिलेला आहे. तो मोडला तर कमीपणा त्यालाही आहे.

बीड शहराच्या पूर्वेस टेकडीवर खंडोबाचे देऊळ आहे आणि त्याच्यापुढे दोन उंच दीपमाळा आहेत. दीपमाळ भक्तीने पेटविली जाते. एखाद्या वर्षी ती पेटली नाही तर भक्तास हळहळ वाटेल, देव क्षमा करील. दीपगृहाचे तसे नाही. त्याच्याकडे डोळे लावून बसलेला माणूस आपल्या जातीचा, गावचा किंवा देशाचा नसतो. त्याचे नावही आपणांस ठाऊक नसते, आणि आपला दिवा विझला तर तो आपल्याला दोष द्यावयासही कदाचित उरत नाही. अशा माणसाशी इमान राखणे ही राज्याच्या सचोटीची कसोटी होय. ज्या सरकारला अंधारातील अनोळखी माणसाला दिलेला शब्द रोज संध्याकाळी न चुकता पाळता येतो, त्याच्याच हाती दिव्याचा अधिकार शोभतो. हाच नियम घाटातील वळणाच्या पाटीस आणि ऊसतोडीस निघालेल्या गाड्यांच्या रस्त्यासही लागू आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी आमच्या जिल्ह्यातील माणसास समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही.