भत्ता आणि बोट

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज ही बेटांची लांबट रांग आहे. दिव्यांग मुलांचा भत्ता लंडनकडून स्कॉटलंड सरकारच्या हाती आला, तेव्हा जुलै २०२१ मध्ये तो आधी ज्या तीन भागांत सुरू करून पाहिला, त्यांत ही बेटंही होती. नोव्हेंबरात तो सगळीकडे लागू झाला. योजना आधी टोकाच्या माणसाकडे नेऊन पाहावी, हे सरकारांना क्वचितच सुचतं.

या भत्त्याचे दोन भाग: एक देखभालीचा, दुसरा हिंडण्याफिरण्याचा. मुलाची गरज किती, यावर दर ठरतो. घर कुठे आहे, यावर नाही. ऐकायला रास्तच वाटतं. पण या बेटांवरच्या स्टॉर्नोवे गावातल्या एखाद्या आईला मूल मोठ्या तज्ज्ञाला दाखवायचं असलं, की बहुतेकदा मुख्य भूमीवरचं इनव्हर्नेस नाहीतर ग्लासगो गाठावं लागतं. बोटीने पलीकडच्या अलापूल बंदराला पोचायलाच अडीच-पावणेतीन तास. पुढे इनव्हर्नेसपर्यंत तास-दीड तासाचा रस्ता. वारा सुटला की बोट रद्द, आणि महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेली डॉक्टरांची वेळ हुकते. प्रवासखर्च भरून देणारी आरोग्यसेवेची वेगळी सोय आहे, हे खरं. पण बुडालेली मजुरी, मुक्कामातलं खाणंपिणं, शेजारणीकडे ठेवलेलं धाकटं पोर? हे सगळं शेवटी त्या सारख्याच रकमेतून भागवायचं. त्यात बेटांवर बहुतेक ठिकाणी पाइपचा गॅस नाही, आणि आजारी मुलाला ऊब तर जास्तच लागते.

दुसरी अडचण पैशाची नाही. मुलासाठी रात्री किती वेळा उठावं लागतं, काय स्वतःहून जमत नाही, हे अर्जात लिहायचं. आणि दुजोरा देणारी शिक्षिका किंवा नर्स म्हणजे दुकानात रोज भेटणारी ओळखीची बाई. लहान गावात लोक मदतीला धावतात आणि चर्चाही करतात, दोन्ही एकाच तोंडाने. त्यामुळे हक्काचे पैसे असूनही काहीजण अर्ज लांबवत असतील, तर मला नवल वाटणार नाही.

स्कॉटलंडच्या बेटांविषयीच्या २०१८ च्या कायद्याने नवं धोरण आखताना बेटांवर काय परिणाम होईल हे तपासणं बंधनकारक केलं. जादा पैसे देणं मात्र नाही. आणि तोटा एकट्या कुटुंबाचा नसतो. मुलाच्या उपचारांसाठी एखाद्या कुटुंबाने मुख्य भूमीवर बिऱ्हाड हलवलं, की मुलाच्या भावंडांची नावंही शाळेच्या पटावरून जातात, आणि काही बेटांवर तो पट आधीच बोटांवर मोजण्याइतका असतो. ते घर तिथेच राहावं यासाठीचा खर्च भत्त्यात धरायला हवा, असं माझं मत आहे.