नदींतला मासा आणि काचेंतला मासा

ब्राझील देशाच्या पारा प्रांतांत, आल्तामीरा गांव मागें टाकल्यावर, शिंगू नदी एक विस्तीर्ण वळण घेते. त्या वळणाच्या खडकाळ तळाशीं, अंधाऱ्या कपारींत, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक चिमुकला मासा राहतो. लांबी फार तर आठ सेंटिमीटर. अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या पत्र्यांचें चिलखत. तोंड खालच्या अंगास. शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं त्याचें 'हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा' असें बारसें केलें. निसर्गतः त्याची वस्ती बहुतेक या वळणापुरतीच आहे. परंतु यूरोप-अमेरिकेंतील हौशी गृहस्थांच्या दिवाणखान्यांत, काचपेट्यांतून, तो नांदतो आणि त्याची प्रजाही वाढते.

२०११ सालीं या नदीवर बेलो मोंते धरणाचें काम सुरू झालें व २०१६ पासून तेथें वीज निघूं लागली. त्यासाठीं नदीचा मोठा ओघ कालव्यानें दुसरीकडे वळविला, आणि शंभर किलोमीटरांहून लांब अशा त्या वळणास पूर्वींचें पाणी राहिलें नाहीं. हौशी लोक म्हणतात, "नदी गेली तरी जात आम्ही वांचविली." हें म्हणणें कितपत खरें मानावें?

त्यांचे श्रम थट्टेवारी नेण्याजोगे नाहींत, हें आधींच कबूल केलें पाहिजे. पाणी उबदार व खेळतें ठेवावें लागतें; मातीच्या नळकांड्यांच्या कपारी कराव्या लागतात. मादी तेथें जेमतेम दहापंधरा अंडीं घालते आणि नर दाराशीं बसून पंखांनीं त्यांवर पाणी वारीत राहतो. इतक्या थोड्या प्रजेसाठीं महिनोगणती वाट पाहणारा मनुष्य केवळ शोभेचा भुकेला नसतो. पण याच प्रेमानें माशाची किंमत चढविली, हेंही तितकेंच खरें. ब्राझील सरकारनें निर्यात बंद केली तरी कोलंबिया-पेरूच्या वाटेनें चोरटा व्यापार चालूच राहिला. अखेर २०२२ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें त्यावर परवान्याचें बंधन घातलें.

'जीव वांचला ना, मग घर कोणतें याचा विचार नंतर', या युक्तिवादास आमच्यापाशीं साफ उत्तर नाहीं. मेलेल्या जातीस नदी परत मिळून काय उपयोग? धरणास सरसकट दोष देण्याचाही आम्हांस अधिकार नाहीं. हा लेख आम्ही विजेच्या दिव्याखालींच लिहीत आहों. आमची शंका निराळी आहे. मासा पेटींत सुखरूप आहे, एवढें ऐकलें कीं नदीविषयींची टोंचणी बोथट होते. जी वस्तु उचलून नेतां आली तिच्यापुरतेंच आपलें देणें होतें, असें मन समजूं लागतें. त्या वळणाच्या कांठीं जुरुना लोक पिढ्यानुपिढ्या राहत आले आहेत. मासेमारीवर त्यांचें पोट. शोभेचे मासे धरून विकणें हाही त्यांतल्या कांहींचा धंदा होता. त्यांना कोणत्या पेटींत ठेवणार? ज्या खडकावरून बाप मुलास बुडी मारावयास शिकवी, तो खडक कोणत्या दिवाणखान्यांत मावेल?

आणि उद्यां कोणी म्हणालें कीं, पेट्यांतील हीं पिलें पुनः शिंगूंत सोडूं या, तरी तीं सोडण्यापुरता वाहता तळ तेथें उरलेला असावा लागेल. तो राखण्याचें काम काचपेटीच्या धन्याचें नाहीं, असें आतांपर्यंत तरी सर्वांनीं धरून चालविलें आहे.