स्मृती गेली तरी भाव उरतो

सज्जनहो, पुंडलिकाची कथा आपण पाळण्यापासून ऐकत आलो आहोत. देव दारी आला, पण आईबापांची सेवा चालू होती. पुंडलिकाने वीट फेकली आणि देवाला थांबावयास सांगितले. देव थांबला. ही कथा आम्ही किती वेळा लावली असेल त्याची गणती नाही. पण तिचा अर्थ आम्हांस परवा एका वृद्धाश्रमात कळला.

आमच्या कीर्तनात तीस वर्षे पखवाजाची साथ केलेले सुप्याचे एक बोवा हल्ली तेथे असतात. मुलगा, सून दोघेही औद्योगिक वसाहतीत कामाला. बोवा घर विसरून दोनदा पुणे-नगर रस्त्यावर गाड्यांच्या गर्दीत सापडले, तेव्हा घरच्यांचा नाइलाज झाला. आम्ही भेटीस गेलो, तर ओळख नाही. "आई कुठं गेली? जेवाया वाढंना कशी?" हेच चालू. आम्ही आपले शहाणपण केले. म्हटले, "बोवा, आई जाऊन चाळीस वर्षं झाली की!" ती वार्ता जणू आत्ताच कानी पडली, असा त्यांनी हंबरडा फोडला. घटकाभराने का रडतो हे ते विसरले, पण डोळ्यांचे पाणी खळेना. आम्ही खरे बोललो; पण त्या खरेपणाने कोणाचे हित झाले?

तेथली सेवेकरी बाई हळूच म्हणाली, "महाराज, आई कशी होती ते इचारा." आम्ही विचारले. बोवा हुलग्याच्या माडग्याविषयी बोलू लागले, तोंडावर हसू आले. मग आम्ही हलक्या आवाजात हरिपाठ धरला आणि मांडीवर उशी ठेवली. बोटे आपोआप चालू लागली. ठेका चुकला नाही.

येथे कोणी शंका घेईल, की गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतिभ्रंश सांगितला आहे. मग हे पापाचेच फळ नव्हे काय? तर तसे नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात तेथली स्मृती म्हणजे शास्त्र व आचार्य यांच्या उपदेशाच्या संस्काराची स्मृती. ती रागाने जाते आणि धडधाकट माणसाचीही जाते. बोवांचा विकार मेंदूचा आहे. अल्झायमर नावाच्या जर्मन वैद्याने १९०६ साली त्याचे एक रूप जगापुढे मांडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण शहरापेक्षा खेड्यांत अधिक आहे. तेव्हा "म्हातारचळ लागला" म्हणून हसणाऱ्याने आपल्या घराकडे एकदा पाहावे.

हा विकार मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. मग करावे काय? ब्रिटनमधील ६९ वृद्धगृहांत एक प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. सेवकांना शिकविले, की प्रत्येकाची आवडनिवड विचारा, त्याच्या बाबतीतले लहानसहान निर्णय त्यालाही पुसून घ्या, आणि आठवड्याला एक तासभर त्याच्याशी गप्पागोष्टी करा. नऊ महिन्यांत रुग्णांची तगमग कमी झाली, दिवस सुखाचे जाऊ लागले. खर्चही वाचला.

एक तास! आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांना हे जड आहे काय? जावे, समोर बसावे, नावाने हाक मारावी. "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नये, आपणच आपले नाव सांगावे. तोच प्रश्न दहादा आला तर दहादा गोडीने उत्तर द्यावे. ज्याने जन्मभर जे केले ते त्याच्या हाती द्यावे: कोणाला टाळ, कोणाला निवडायला शेंगा. आणि ज्या लेकासुनांनी नाइलाजाने आश्रमात ठेवले, त्यांना बोल लावू नये. त्यांनाही आपल्या आधाराची गरज आहे.

बोवा आम्हांस पुन्हा ओळखतील असे नाही. दर एकादशीस आम्ही जातो. ते विचारतात, "कोण आपण?" आम्ही सांगतो, "आपला टाळकरी." त्यांना ते पुरते. पुंडलिकापाशी देव विटेवर थांबला. बोवांपाशी आम्हांस तासभर थांबता येऊ नये काय?

रामकृष्णहरि.