झोपलेल्यांची शिरगणती

माणसाने माणसाला मोजावे का, आणि मोजून झाल्यावर त्याचे काय करावे, हा प्रश्न तसा तत्त्वज्ञानाचा. माझा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध एवढाच, की कॉलेजात आमच्या बी. कॉम.च्या वर्गाला लागून त्यांचा वर्ग होता आणि त्यात कायम चारच मुले बसलेली असत. तेव्हा हा प्रश्न मी आपला बँकेतल्या पद्धतीने सोडवणार आहे. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत घरी जायचे नाही.

आधी थोडा इतिहास. १८८१ पासून १९३१ पर्यंत आपल्याकडे शिरगणतीची एक रात्र ठरलेली असे. त्या रात्री जो जिथे सापडेल तिथे तो मोजला जाई. मग तो वाड्यात असो, की धर्मशाळेत. १९४१ पासून हा प्रकार बदलला. आता गणक सवडीने येतो, आपण त्याला चहा विचारतो, तोही ‘कशाला, कशाला’ म्हणत घेतो. २०११ साली या कामाला ९ ते २८ फेब्रुवारी असे चांगले वीस दिवस होते. पण ते घरवाल्यांसाठी. ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी जुनी रीत अजून चालू आहे. त्यांची एकच रात्र, २८ फेब्रुवारीची. म्हणजे बघा, ज्याच्या दारावर पाटी आहे त्याला गाठायला वीस दिवस, आणि ज्याला दारच नाही त्याला शोधायला एक रात्र! यात तर्क नाही असे नाही. आज देवळाच्या पायरीवर झोपलेला माणूस उद्या स्टेशनवर झोपला तर दोनदा मोजला जाईल. गरिबाला कोणतीही गोष्ट दोनदा मिळू नये याबद्दल सरकार पहिल्यापासून दक्ष आहे.

तर २०११ ची ती रात्र. वार सोमवार, बँकेत महिनाअखेर. आदल्या दिवशी भारत-इंग्लंड सामना ३३८ वर ३३८ असा बरोबरीत सुटला होता. दोन्ही बाजूंची बेरीज जुळलेली पाहून बँकवाल्याला जो आनंद होतो तो अजून अंगात होता. त्यात त्याच दिवशी प्रणव मुखर्जींनी संसदेत साडेबारा लाख कोटींहून मोठ्या खर्चाचा अर्थसंकल्प मांडला होता. दिवसा देशाचे पैसे मोजून झाले, आता रात्री माणसे. आमच्या शेजारचे गुरुजी गणक होते. मी म्हटले, “गुरुजी, बॅटरी धरायला मी येतो.”

स्वयंसेवक या शब्दात काय ऊब आहे कोण जाणे! पगार नाही, ओव्हरटाइम नाही, तरी छाती दोन इंच पुढे येते. आमच्या सौ.ने फक्त एवढेच विचारले, “घरातली माणसं मोजता का कधी, जेवायच्या वेळी?” मी मफलर गुंडाळला आणि निघालो.

आमची वाडी नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर. नाव वाडी असले तरी इथे केळी-नारळीचे काही नाही. आहेत ती ट्रान्सपोर्टची गोदामे, ढाबे आणि ट्रक. जनगणनेच्या पुस्तकात बेघर म्हणजे कोण हे नीट सांगितलेले असते: रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मांडवात, रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे. वाडीत तेव्हा उड्डाणपूल नव्हता, त्यामुळे तो एक रकाना आमच्यापुरता कमी झाला. बाकीचे मात्र शोधायचे होते, आणि अडचण अशी की डोक्यावरून पांघरूण घेतलेला प्रत्येक माणूस सारखाच दिसतो. पहिल्या दोघांना गुरुजींनी हलवले, तर ते ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर निघाले. “घर है ना साहब, अकोले में,” म्हणून कुशीवर वळले. एखाद्या माणसाला घर आहे हे ऐकून आपण निराश झालो, असा अनुभव मी त्याआधी घेतला नव्हता.

पुढे एका गोदामाच्या आडोशाला एक कुटुंब होते. बाई जागी होती. गुरुजींनी मालकाचे नाव विचारले, तर बाई गप्प. आता १९४८ च्या जनगणना कायद्याने उत्तरे देणे सक्तीचे आहे. पण त्याच कायद्यात, बाईने नवऱ्याचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही, अशी सवलतही आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्या घरचा अनुभव असावा. रात्री साडेबाराला, अमरावती रोडवर, उखाणा घ्या असेही म्हणता येईना. शेवटी तिने हनुवटीने शेजारच्या पांघरुणाकडे खूण केली, “त्याह्यलेच इचारा.”

आणि मग ते म्हातारेबुवा आले. म्हणजे ते होते तिथेच होते, आम्ही आलो. बंद शटरखाली गाढ झोपलेले. इथे मात्र माझ्या मनात तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहिला. या माणसाजवळ सध्या एकच मालमत्ता दिसते, ती म्हणजे झोप. ती काढून घेऊन आपण त्याला काय देणार? तर तो या देशात आहे अशी नोंद. मी हळूच म्हटले, “गुरुजी, झोपू द्या ना. पुरुष, वय अंदाजे साठ, लिहून टाका.”

गुरुजी म्हणाले, “अंदाजे साठ हा आकडा झाला. माणसाचं नाव असतं.” आणि ते उकिडवे बसून अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाबाजी, जरा उठता का?”

म्हातारा ताडकन उठून बसला आणि पहिल्यांदा त्याने उशाचे गाठोडे ओढून काखेत घेतले. “काय झालं जी? उठाचं हाय का इथून?”

त्याला आजवर ज्याने ज्याने रात्री उठवले, त्याने हुसकण्यासाठीच उठवले असणार. गुरुजी म्हणाले, “नाही, नाही. नाव सांगा आणि पुन्हा झोपा.”

“मंग उठवलं कायले?”

या प्रश्नावर जनगणनेच्या पुस्तकात उत्तर नाही. गुरुजींनी समजावून सांगितले. म्हाताऱ्याने ऐकून घेतले, पांघरूण बाजूला सारले, फरशी हाताने झाडली आणि म्हणाला, “बसा ना जी.” आम्ही बसलो. त्याने नाव सांगितले, वय सांगितले, गाव सांगितले. कायद्याने ही माहिती गुप्त. म्हणून मी फक्त उजेड पाडत होतो, अक्षरांकडे पाहत नव्हतो. शेवटी त्याने विचारले, “आता काय भेटन?”

गुरुजी खोटे बोलणारे नव्हेत. “काही नाही भेटणार, बाबाजी.”

“बरं लिवा. तुमचं काम होऊ द्या.”

तुमचे काम होऊ द्या! मफलर गुंडाळून, दोन इंच छाती काढून समाजसेवेला निघालो होतो मी. आणि झोपमोड सोसून, जागा झाडून, फुकटात सेवा करून मोकळा झाला तो. मग त्या रात्रीचा स्वयंसेवक कोण?

पुढे आकडे छापून आले. २०११ साली देशात बेघर सुमारे १७ लाख ७३ हजार, त्यात आपल्या महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. २००१ च्या मानाने देशाचा आकडा घटला, म्हणून आनंद मानावा तर शहरांतला वाढून ९ लाख ३८ हजारांवर गेलेला. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने शहरांतून रात्रनिवारे काढायला सांगितले, २०१३ च्या योजनेत प्रमाणही ठरले: शहरात दर लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय. नीट वाचा. दर लाख लोकवस्तीमागे! निवारा लागतो बेघरांना, पण हिशेब होतो सगळ्या शहराच्या डोक्यांवर. तरीही मोजणी फुकट असे मी म्हणणार नाही. बँकेत दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही सगळे रात्री नऊपर्यंत खाती चाळत बसतो. माणसाची नोंदच नसेल तर कमी पडला हे तरी कोणाला कळणार?

तुम्ही म्हणाल, नोंद केली म्हणजे उपकार केले का? नाही. इथेच माझे खतावणीचे शिक्षण कामाला येते. सामान्य माणसाला वाटते की बँकेत ठेव ठेवली म्हणजे बँक श्रीमंत झाली. आमच्या पुस्तकात ती ठेव देण्याच्या बाजूला लिहितात. ज्याने ठेवली तो धनको, आम्ही ऋणको. म्हाताऱ्याने त्या रात्री नाव, वय, गाव आणि अर्ध्या तासाची झोप आमच्याकडे ठेवली. नोंद घेतली त्या क्षणी देणे लागलो ते आपण. मोजलेल्या माणसाने मोजणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. मोजणाऱ्याने मात्र त्या माणसाला विसरायचे नसते. न मोजता विसरणे हे अज्ञान, मोजून विसरणे म्हणजे बुडवेगिरी.

२०२१ ची जनगणना कोरोनात राहून गेली. आता २०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढची मोजणी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र धरून व्हायची आहे, आणि तीही मोबाइलवर. बॅटरी वेगळी धरायला नको; मोबाइललाच असते. पण फरशी झाडून “बसा ना जी” म्हणणाऱ्याला उत्तर काय द्यायचे, ते त्या ॲपमध्ये असेलसे वाटत नाही.

आमच्याकडे नियम असा: दहा वर्षे ज्या ठेवीला कोणी हात लावला नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण ठेवीदाराचा हक्क बुडत नाही. बाराव्या वर्षी येवो की पंधराव्या, त्याने येऊन मागितले की देणे भाग असते. त्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते, एवढेच.